सीटो आजोबांच्या कोहळ्याचा मांडव

मित्रांनो, मांडव म्हटले की तुम्हाला लग्नघर, सनई, जेवणावळी असे काहीबाही आठवेल. तसले भाग्य माझे नाही. टोरोंटोच्या स्कारबरो भागात, एका बैठ्या घराच्या मागच्या अंगणात उभा असलेला मी कोहळ्याच्या वेलाचा जुना मांडव आहे. खरे सांगायचे तर माझ्यात मांडवाचे असे काहीच नाही. माझे खांब म्हणजे लॉन्ड्रीत कपडे टांगायचे लोखंडी पाइप, आडव्या काठ्या म्हणजे मोडक्या हॉकी स्टिक, आणि एका कोपऱ्याला टेकू आहे तो म्हाताऱ्या माणसाच्या वॉकरचा. मला पाहून लोक हसतात. हसू देत बापडे. मला बांधणाऱ्या सीटो आजोबांचे सारे आयुष्य माझ्या अंगात आहे.

आजोबा दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातून पोरवयात कॅनडात आले. त्यांचे वडील आधीच इथे लॉन्ड्रीत राबत होते. आई मात्र गावीच राहिली. निघताना तिने परसातल्या कोहळ्याच्या बिया मुलाच्या रुमालाच्या गाठीत बांधून दिल्या. मायलेकरांची पुन्हा कधी भेट झाली नाही. आईची आठवण म्हणून आजोबांजवळ उरला तो हा वेलच. लॉन्ड्रीमागच्या वीतभर जागेत त्यांनी तो वाढवला, आणि पुढे घर घेतले तेव्हा बरोबर आणला.

लॉन्ड्री बंद पडली तेव्हा तिथले पाइप घेऊन त्यांनी मला उभे केले. मग एका हॉटेलच्या भटारखान्यात त्यांची कितीतरी वर्षे गेली. मुलगा रेमंड हॉकी खेळून स्टिका मोडायचा. आजोबा त्याला ओरडायचे आणि मोडकी स्टिक मला जोडायचे. आजी अंथरुणाला खिळायच्या आधी घरात वॉकर आला, आणि आजी गेल्यावर तो माझ्याकडे आला. तो बांधताना आजोबा माझ्या खांबाला डोके टेकून रडले होते. घरात ते कुणालाच ठाऊक नाही.

आजोबांची एक रीत होती. ते बी कधी पुडीत बांधून ठेवत नसत. बाकीचे कोहळे कोवळेच तोडायचे, काहींचे सूप व्हायचे, काही शेजारीपाजारी जायचे. पण सगळ्यांत देखणा एक कोहळा ते वेलावर जून होऊ द्यायचे, आणि अंगावर पांढरी राख धरली की तो अख्खाच्या अख्खा बेसमेंटमध्ये ठेवायचे. हिवाळा सरला की तो कापून बिया रुजत घालायच्या, उरलेल्या भाजून खायच्या. "बी आईच्या पोटातच बरं राहतं," असे ते मला सांगायचे. रेमंडला सूप ठाऊक होते, वसंतात बाबा एक कोहळा कापतात हेही त्याने पाहिले होते, पण वेलाचे बी त्यातच राखलेले असते हे ठाऊक नव्हते. त्याने कधी विचारले नाही, आणि आजोबा आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते.

मागच्या नोव्हेंबरात, नव्वदीच्या उंबरठ्यावर, आजोबा झोपेतच गेले. डिसेंबरात रेमंड बेसमेंट आवरायला आला आणि तो कोहळा उचलून कुंपणाशी गेला. पलीकडे पुण्याचे रश्मी आणि शैलेंद्र राहतात. वर्षभरच झाले त्यांना येऊन.

"बाबा दर वर्षी सगळ्यांना वाटायचे," रेमंड म्हणाला. "हा शेवटचा. तुम्ही घ्या, प्लीज."

रश्मीने तो दोन्ही हातांनी घेतला. माझा जीव खालीवर झाला. मग वाटले, कापतील तेव्हा बिया दिसतील, कुणीतरी जपून ठेवील.

"मस्त भाजी कर ना आज," शैलेंद्र म्हणाला.

"वेडा आहेस का? एवढ्या मोठ्या माणसाच्या हातचा कोहळा आहे. आणि तुझा जॉब गेला, परवा गाडी स्लिप झाली. आई कॉलवर म्हणतच होती, दृष्ट लागलीय म्हणून. दाराला बांधूया."

तुमच्याकडे दाराला कोहळा बांधतात, हे मला तेव्हा कळले. रश्मीने सुतळीचे शिंके विणले, हळदकुंकू वाहिले, आणि माझ्या अगदी समोर असलेल्या त्यांच्या बाजूच्या दारावर कोहळा टांगला. इतक्या मायेने केलेल्या गोष्टीवर रागवायचे तरी कसे? पण बाहेर उणे वीस होते. माझ्या डोळ्यांदेखत तो पोटातल्या बियांसकट दगडासारखा गोठला. 'अगं, आत घे त्याला!' असे मला ओरडून सांगायचे होते. मांडवाला तोंड नसते, मित्रांनो. अख्खा हिवाळा मी नुसता बघत राहिलो.

मार्चमध्ये बर्फ वितळले आणि कोहळा पिचून गळू लागला. रश्मीने त्याला नमस्कार केला आणि ग्रीन बिनमध्ये टाकला. कचऱ्याची गाडी तो घेऊन गेली.

एप्रिलमध्ये चिनी लोक पूर्वजांच्या कबरी झाडूनपुसून स्वच्छ करतात. रेमंड कबरीवरून थेट इथे आला. यंदा बाबांचा वेल आपण लावायचा, असे त्याच्या मनात होते. सगळे घर पालथे घालून तो कुंपणाशी आला.

"रश्मी, बाबांनी तुला कधी सीड्स दिल्या होत्या का? घरात कुठेच नाहीत. दर स्प्रिंगला तर ते एक कोहळा कापून..."

बोलता बोलता तो थांबला. त्याने समोरच्या दाराकडे पाहिले. तिथे रिकामे शिंके लोंबत होते.

रश्मीच्याही लक्षात आले. "सॉरी, रेमंड," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "मला वाटलं, आपण त्यांचा मान ठेवतोय."

"तुझी काय चूक? मीच आणून दिला," रेमंड म्हणाला. "त्यांना कधी काही विचारलंच नाही मी."

मे महिन्यात रश्मीने चायनीज ग्रोसरीतून बियांचे पाकीट आणले. दोघांनी मिळून ते माझ्या पायाशी पेरले.

मित्रांनो, माझे काय, मी मोडक्यातोडक्या सामानाचाच. पण तुमच्या घरातले म्हातारे माणूस एखादी गोष्ट जिवापाड जपत असेल, तर ती का, हे त्याच्याजवळ बसून विचारा. ते टाळील, 'काही नाही रे' म्हणेल. तरी पुन्हा विचारा.

पाकिटातल्या बियांचा वेल आता माझ्यावर चढला आहे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, मी त्यालाही आधार देतो. पण आजोबांच्या आईने दिलेला वेल संपला.