उसन्या मेंढ्या

कर खात्याला शेतकरी फार आवडतो, फक्त त्याने दुसरं काही करता कामा नये. शेतकऱ्याला कर नावापुरता, आणि शेत विकत घ्यायची परवानगीही शेतकऱ्यालाच. पण पगार घेणाऱ्या माणसाने शेतकरी म्हणवून घेतलं की खात्याच्या पोटात दुखतं. मग साहेब येतात, गोठ्यात जनावर आहे का बघतात, आणि नसलं तर त्या शेतीला छंद म्हणतात. छंदाच्या जमिनीला बंगल्याच्या बागेचा कर लागतो.

वहिनींचं खालचं शेत या तपासणीवर टांगलेलं होतं. सगळा रस्ता त्यांना वहिनी म्हणायचा. दिवसभर त्या इस्पितळाच्या चादरी धुवायच्या, आणि त्याच्या आधी नि नंतर मेंढ्यांचं करायच्या. नवरा वायरमन. दोघांच्या पगाराशिवाय मेंढ्या जगल्या नसत्या, आणि नेमका तोच पगार खात्याच्या डोळ्यांत खुपत होता. बागेचा कर भरायचा तर शेत विकायला काढावंच लागलं असतं.

चढावर दातांचे डॉक्टर राहायचे. बंगल्याभोवती ऐसपैस हिरवळ, आणि त्यांनाही शेतकरी व्हायचं होतं. साहेबांनी त्यांना तपासणीचा दिवस आणि वेळ अदबीने कळवली होती. वहिनींना आलेल्या निरोपात नुसतं 'या आठवड्यात' एवढंच होतं. ज्याची त्याची पत.

आपल्या तपासणीच्या सकाळी, वहिनी कामावर गेल्यावर, डॉक्टर वायरमनकडे आले आणि दुपारपर्यंत मेंढ्या मागितल्या. शेजारधर्म म्हणून वायरमनने दिल्या. घरची शिडीसुद्धा मागणाऱ्याला नाही म्हणता न येणारा माणूस, मेंढ्यांना काय नाही म्हणणार! आपल्याकडची तपासणी कुठल्याही दिवशी होऊ शकते, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. साहेब चढावरून उतरून थेट त्याच्या फाटकात उभे राहिले, तेव्हा त्याने घाम पुसत इस्पितळात फोन केला.

वहिनी ओल्या बाह्यांनी धावत आल्या. गोठा रिकामा. मेंढ्या वर डॉक्टरांकडे आहेत, त्या आमच्याच, असं त्यांनी सांगितलं.

"तिथल्या मेंढ्या मी मघाशीच लिहिल्या," साहेब म्हणाले. "एकच मेंढी दोन ठिकाणी कशी लिहू?"

वहिनींनी चारा दाखवला, पाण्याची कुंडी दाखवली, ताज्या लेंड्या दाखवल्या. साहेबांनी बूट जपत एक पाऊल मागे घेतलं.

"बाई, नियमात जनावर आहे. लेंड्या नाहीत."

आणि त्यांनी छंद लिहिलं. मेंढ्यांच्या मालकाने स्वतः येऊन सांगितलं तर बदलता येईल, असंही म्हणाले. मालक म्हणजे डॉक्टर!

वहिनींना रडूही आलं आणि नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालावासाही वाटला. दोन्ही राहू देऊन त्या चढ चढल्या. डॉक्टर हिरवळीवर खुर्ची टाकून बसले होते. मेंढ्यांपासून बऱ्याच अंतरावर, कारण वास येत होता. एवढं एकदा खरं सांगा, आमचं शेत वाचेल, असं वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. चेहऱ्यावर तरी तसं दिसलं.

"माझेही हात बांधलेत हो," ते म्हणाले. "पण खालचं शेत काढायचं झालं, तर आधी मला सांगा. आता मला घेता येतं."

म्हणजे हिरवळीच्या कराचं निमित्त होतं, खरी नजर शेतावर होती. वहिनींना ते आत्ता कळलं, आणि इतका वेळ आपण या माणसापुढे पदर पसरत होतो याची शिसारी आली.

"शेतकरीसाहेब," त्या म्हणाल्या, "यातली गाभण कुठली, तेवढं दाखवा."

डॉक्टर हसले आणि घड्याळात बघू लागले.

वहिनींनी मेंढ्यांना हाक मारली. एका म्हातारीखेरीज कुणी मानसुद्धा वर केली नाही. वरचं गवत गोड होतं. शेवटी एकेकीला ढकलत त्यांनी सगळ्या खाली आणल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या उठल्या, छंद म्हणून गोठा झाडला, छंद म्हणून गाभणीला चारा घातला, आणि मग चादरी धुवायला गेल्या. शेतकरी वर झोपले होते.