पेद्रा आल्ताच्या पायथ्याशी थांबणारी बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. वय चोवीस वर्षे, आसने अडतीस, दारे दोन. पुढच्या दाराची रबरी पट्टी तीन वेळा बदलली आहे. माझ्याविषयी अभिमानाने सांगण्यासारखे एकच आहे: मी आजवर रस्त्यात कधी बंद पडले नाही. आणि गंमत म्हणजे, माझी तक्रार याच गोष्टीबद्दल आहे.

ब्राझीलमधल्या ज्या डोंगराळ शहरात मी राहते, तिथे दर दोन वर्षांनी लोक स्वतः ठरवतात की नगरपालिकेने कोणती कामे करायची. प्रत्येक वस्ती आपला प्रतिनिधी निवडते. मतदानाआधीच्या शनिवारी हे अडतीस प्रतिनिधी माझ्यात बसून यादीतली सगळी ठिकाणे पाहून येतात. दुसऱ्याची अडचण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्वतःच्या कामाला मत द्यायचे नाही, असा नियम आहे. प्रत्येक थांब्याला बारा मिनिटे मिळतात आणि शेवटी कागदावर ‘पाहिले’ या रकान्यात सही करायची असते.

नियम ऐकला तेव्हा मला फार आवडला होता. मला वाटले, इतकी वर्षे मी माणसे नुसती इकडून तिकडे नेली, आता त्यांना एकमेकांकडे नेणार.

पण पेद्रा आल्ता ही वस्ती टेकडीच्या माथ्यावर आहे. तिथे जाणारी मातीची वाट शंभर मीटरला सत्तावीस मीटर चढते. मला जास्तीत जास्त अठरा जमतात, तेही कोरड्या डांबरावर. म्हणून माझे चालक सेऊ बेल्मीरो, म्हणजे बेल्मीरोराव, पायथ्याशी हँडब्रेक ओढतात, प्रतिनिधी खिडकीतून मान वर करतात, सही करतात आणि आम्ही निघतो.

वरच्या लोकांची मागणी काय आहे? पक्का रस्ता आणि दरड अडवणारी भिंत. म्हणजे रस्ता नाही म्हणून मी वर जात नाही, मी जात नाही म्हणून कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहत नाही म्हणून रस्ता होत नाही. मी हे गणित कितीदा मांडून पाहिले. उत्तर दर वेळी पायथ्याशीच येते.

वरच्या प्रतिनिधी दोना ओदिला, म्हणजे ओदिलाबाई. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात, आवाज घंटेसारखा. त्यांच्या शेजारीण नेउझाची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा तिला रक्त शुद्ध करून घ्यायला रुग्णालयात जावे लागते. रुग्णवाहिकाही पायथ्याशीच थांबते. मग चार शेजारी तिला लाकडी खुर्चीत बसवतात, खुर्चीला दोन बांबू बांधतात आणि खाली उतरवतात. आमचा पावसाळा जानेवारीत; तेव्हा वाट साबणासारखी होते. अशा दिवशी नेउझा घरीच राहते. गेल्या पावसात तिच्या रुग्णालयाच्या सलग दोन खेपा चुकल्या आणि ती जेमतेम वाचली.

पहिल्या दोन फेऱ्यांत दोना ओदिलांनी हे सगळे माझ्या दारात उभे राहून सांगितले. लोकांनी मान हलवली. मग आम्ही सांता ग्लोरियाला गेलो. तो सपाट भाग. तिथे मी थेट मैदानापर्यंत जाते, टेबलावर मक्याचा केक आणि कॉफी मांडलेली असते. सांता ग्लोरियाला दोन्ही वेळा काम मिळाले.

तिसऱ्या फेरीला मी पायथ्याशी थांबले तेव्हा दोना ओदिला ती खुर्चीच घेऊन उभ्या होत्या.

“उतरा सगळे! आज खिडकीतून दर्शन बंद.”

नगरपालिकेच्या क्लेउझाने घड्याळ पाहिले. “दोना ओदिला, बारा मिनिटं आहेत हो. वर जायलाच वीस लागतात.”

“मग केकची वेळ कमी कर!”

सांता ग्लोरियाचे प्रतिनिधी, निवृत्त शिंपी सेऊ लौरिवाल, खिडकीतून हसले. “बाई, माझे गुडघे सत्तर वर्षांचे आहेत. मला काय उचलून नेणार?”

“नेणार की! बसा. नेउझा बसते त्यात, तुम्हाला काय टोचतंय?”

“अहो, मी गंमत केली.”

“मी नाही केली. चला, पाय वर घ्या.”

सगळे हसले. सेऊ लौरिवालही हसत हसत बसले. वरून आलेल्या चार शेजाऱ्यांनी बांबू खांद्यावर घेतले. त्यांच्यामागे आठ प्रतिनिधी चालू लागले. बाकीचे मात्र माझ्यातच राहिले. एकीने बूट नवे असल्याचे सांगितले. एकाने डोळे मिटून घेतले. क्लेउझाने सगळ्यांपुढे कागद फिरवला आणि बसल्या जागी सगळ्यांनी लिहिले: पाहिले.

माझी आसने मऊ आहेत, मित्रांनो. त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली.

पाऊण तासाने सेऊ लौरिवाल परत आले. खुर्चीतून नाही, पायी, दोना ओदिलांचा दंड घट्ट धरून. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

“उतरताना खुर्ची पुढे कलते,” ते आत येऊन म्हणाले. “खाली नुसती दरी दिसते. मी अर्ध्या वाटेत म्हणालो, सोडा मला, चालतो. पण ती नेउझा कुणाला म्हणणार?”

“बसा हो, उशीर झालाय,” मागून कोणी तरी म्हणाले. “केक गार होईल.”

“केक गारच असतो, गाढवा!” सेऊ लौरिवाल ओरडले.

मतदान झाले. प्रत्येकाला तीन मते होती आणि पाच कामे निवडायची होती. पेद्रा आल्ता सहावे आले, चार मतांनी मागे. वर गेलेल्या नऊही जणांनी त्याला मत दिले, सेऊ लौरिवाल यांनी तर स्वतःच्या वस्तीतल्या मैदानाच्या कामाचे मत सोडून. दहावे मत दोना ओदिलांचे होते. माझ्यात बसून राहिलेल्या अठ्ठावीस जणांपैकी एकानेही दिले नाही. ती माणसे दुष्ट नव्हती. नियमाने विचारले, पाहिले का? त्यांनी हो म्हटले. त्यांना ते खरेही वाटत असेल.

मी मात्र अजून चिडलेली आहे. त्यांच्यावर, त्या रकान्यावर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. वेळेवर पोचवले म्हणून नगरपालिकेने माझ्या काचेवर शाबासकीचा कागद चिकटवला आहे. उन्हाने तो पिवळा पडला, तरी कोणी काढत नाही.

येत्या मार्चमध्ये पुन्हा फेरी आहे. त्यानंतर मला भंगारात काढणार आहेत. नेउझा अजून खुर्चीतून उतरते. तिला उचलणाऱ्या चौघांपैकी एकाची पाठ आता धरली आहे. परवा सेऊ बेल्मीरो माझे इंजिन पुसत होते. इकडे तिकडे पाहून ते हळूच म्हणाले, “म्हातारे, चोवीस वर्षांत एकदा तरी बंद पड. पायथ्याशी. सांता ग्लोरियाच्या आधी.”

मी प्रयत्न करणार आहे. पण मला बंद पडण्याची सवय नाही, ऐन वेळी जमेल की नाही सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. तुमच्याही शहरात कुठे ना कुठे रस्ता संपत असेल आणि त्यापुढे माणसे राहत असतील. कधी तरी तुमच्याही हातात असा कागद येईल. माझ्या बंद पडण्याची वाट पाहू नका. सही करण्याआधी खाली उतरा.