रेघेपलीकडे गेलेली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. अपील न्यायालयातली, न्यायमूर्तींची खुर्ची. पण एवढ्यावरून लगेच हात जोडू नका. न्याय केला तो माझ्यात बसणाऱ्याने. मी फक्त त्याचं वजन पेललं आणि त्याने चोरून खाल्लेल्या शेंगांची टरफलं लपवली.

माझा जन्म न्यू ऑर्लिन्सचा. अक्रोडाचं लाकूड, काळं चामडं. आमच्याकडे प्रत्येक न्यायमूर्तीची खुर्ची त्याच्या अंगमापाने बनवायची पद्धत. एमेट लॅडनियर मिसिसिपीहून नव्याने नेमले गेले, तेव्हा सुताराने त्यांच्या पायांचं माप घेतलं आणि खात्री होईना म्हणून परत घेतलं.

"साहेब, एवढ्या बुटक्या खुर्च्या मी बालवाडीसाठी करतो."

"मग निकालही मुलांना कळतील असे लिहीन," एमेटसाहेब म्हणाले.

माझ्या पाठीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी बसली. न्यायमूर्ती निवृत्त झाला किंवा गेला, की बाकीचे वर्गणी काढून त्याची खुर्ची त्याच्या घरी पाठवत. तेव्हा मला वाटायचं, आपलं सगळं आयुष्य आखून ठेवलेलं आहे.

न्यायासनावर माझ्या उजव्या बाजूला एक उंच खुर्ची होती. ती अलाबामाच्या होरेस टन्स्टलसाहेबांची. बांबूसारखा सरळसोट माणूस. दोघांची घरं एकाच समुद्रकिनाऱ्यावर, गाडीने तासाभराच्या अंतरावर, मध्ये फक्त दोन राज्यांची सीमा.

एमेटसाहेबांचा उजवा कान युद्धात तोफेच्या आवाजाने गेला होता. ही गोष्ट ते कुणाला कळू देत नसत. वकिलाचं बोलणं संपायच्या आधीच ते मध्ये तोंड घालत, नाहीतर विचारलेलंच पुन्हा विचारत. पहिल्याच आठवड्यात होरेससाहेबांनी ते ओळखलं. त्यांनी हात लांब करून माझ्या उजव्या हातावर बोटाने एकदा टक् केलं. म्हणजे, थांब, तो अजून बोलतोय. दोनदा टक्टक् म्हणजे, हे विचारून झालंय.

वर्षानुवर्षं ते बोट माझ्यावर आपटत राहिलं. तिथलं पॉलिश उडालं, लाकडाला खळगा पडला. समोर बसलेल्या कुणाला काही कळलं नाही. माणसं एवढा मोठा कायदा लिहून काढतात, पण एकमेकांना सांभाळून घेण्याचं कलम कुठेच लिहीत नाहीत. ते असं गुपचूप चालतं.

भांडणंही होत. "टरफलं आवर, एमेट. न्यायालय आहे, जत्रा नाही."

"तुला दिल्या नाहीत म्हणून जळतोस."

"उकडलेल्या शेंगा? मी माणसांचं अन्न खातो."

आणि निम्म्या शेंगा तेच संपवत.

मग कामाचा डोंगर झाला. सहा राज्यांची अपिलं आमच्याकडे. न्यायमूर्ती वाढवत वाढवत दोन डझनांच्या वर गेले. पूर्णपीठ बसायचं तेव्हा खुर्च्यांच्या दोन रांगा लावाव्या लागत, आणि प्रत्येकाला आपलं वेगळं मत लिहायचं असे. बोलणी सुरू झाली, की न्यायालयाचे दोन भाग करावेत. तीन राज्यं न्यू ऑर्लिन्सला, तीन अटलांटाला. वॉशिंग्टनचे खासदार म्हणत, आधी तुमच्या तुमच्यात एकमत करा, मग आम्ही कायदा करतो.

विभाजनाच्या संमतीपत्रावर सगळ्यांनी सह्या केल्या, होरेससाहेबांनीसुद्धा. एकटे एमेटसाहेब अडून बसले. वर कारणं मोठमोठी देत: परंपरा, एकसंध कायदा. खरं कारण मला माहीत होतं. रेघ मिसिसिपी आणि अलाबामाच्या मधून जाणार होती, म्हणजे नेमकी माझ्या उजव्या हाताला लागून. ते बोट गेलं, की एमेटसाहेबांना न्यायासन सोडावं लागणार होतं.

त्या हिवाळ्यात पेटवे नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांचं अपील पुन्हा सुनावणीला आलं. त्यांच्या मुलीला, ओडेसाला, गोऱ्या मुलांच्या शाळेत प्रवेश हवा होता. पेटवे प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर येऊन बसत, तपकिरी हॅट मांडीवर ठेवून. हॅट तीच होती, डोक्यावरचे केस मात्र तोवर पांढरे झाले होते.

एमेटसाहेबांनी वकिलाला विचारलं, "ही मुलगी आता कितवीत आहे?"

वकिलाने आधी पेटवेंकडे पाहिलं. "न्यायमूर्ती महोदय, ओडेसा आता लाँड्रीत कामाला आहे. तिची मुलगी यंदा शाळेत जाईल."

होरेससाहेबांचं बोट माझ्या हातावर टेकलेलं होतं, पण ते हललं नाही.

सगळे उठून गेले तरी एमेटसाहेब उठेनात. होरेससाहेब परत आले आणि आपल्या जागी बसले.

"तू आधी का नाही टोकलंस मला?" एमेटसाहेब म्हणाले.

"कशाबद्दल?"

"एका पोरीचं बालपण गेलं, होरेस. आपण बसलोय मतं लिहीत. आणि मी बसलोय..."

"माझ्या बोटासाठी," होरेससाहेब हळूच म्हणाले. ते डाव्या कानाला ऐकू आलं असावं, कारण एमेटसाहेबांनी मान खाली घातली.

"माहीत होतं तुला?"

"गाढवा, म्हणून तर तुझ्यावर कधी जोर केला नाही. सगळे माझ्या मागे लागले होते, त्याला समजाव, त्याला समजाव म्हणून."

एमेटसाहेबांनी संमतीचा तो कागद मागवला. माझ्या डाव्या हातावर ठेवून सही केली. माझ्या लाकडाला ती पेनची टोच अजून जाणवते.

संसदेत कायदा झाला, राष्ट्राध्यक्षांची सही झाली. पेटवेंसारख्यांसाठी ते चांगलंच झालं, हे मीही मान्य करते. पण चांगली गोष्टही कुणाच्या तरी अंगावरून जाते. शेवटच्या दिवशी सगळे हसत एकमेकांचे हात दाबत होते. हे दोघं मात्र घरी जाताना किती रहदारी लागेल, याच्यावर वाद घालत राहिले. निरोप असा घेतलाच नाही.

सामान हलवणाऱ्यांनी घाईत एक घोटाळा केला. अटलांटाला जाणाऱ्या होरेससाहेबांच्या उंच खुर्चीऐवजी मला ट्रकमध्ये चढवलं. डोळे उघडले तर मी अटलांटात!

होरेससाहेब माझ्यात बसले आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. गादीच्या फटीत त्यांची बोटं गेली आणि एक टरफल बाहेर आलं. ते त्यांनी परत त्याच फटीत सारलं. त्यांची मदतनीस म्हणाली, "जजसाहेब, ही खुर्ची आपली नाही. आजच परत पाठवू?"

"राहू दे."

"पण तुमचे पाय..."

"पाय माझे आहेत ना? राहू दे म्हटलं."

संध्याकाळी न्यू ऑर्लिन्सहून फोन आला. एमेटसाहेब इतके ओरडत होते, की मलाही ऐकू येत होतं. "अरे, तुझी खुर्ची इथे आलीय! माझे पाय जमिनीला टेकत नाहीत!"

"मग दे पाठवून!"

"आधी तू पाठव!"

कुणीच पाठवली नाही.

वर्ष संपायच्या आत एमेटसाहेब निवृत्त झाल्याचं कानावर आलं. भर न्यायालयात त्यांनी एकाच वकिलाला एकच प्रश्न परत परत विचारला म्हणे, आणि शेजारच्या तरुण न्यायमूर्तींनी संकोचाने नजर वळवली. ते ऐकलं त्या दिवशी होरेससाहेब नुसते माझा उजवा हात चाचपत बसले. तो खळगा आता त्यांच्याच कोपराखाली होता, टकटक करायला पलीकडे कुणी नव्हतं. ते पुढे अनेक वर्षं माझ्यात पाय दुमडून बसले, आणि एका रविवारी घरी झोपेतच गेले.

रिवाजाप्रमाणे वर्गणी निघाली आणि मी त्यांच्या मुलीच्या, कोरिनच्या घरी आले. तिने पाठीवरची पट्टी वाचली. मला गाडीत घातलं आणि सीमा ओलांडून मिसिसिपीत आणलं.

एमेटसाहेब व्हरांड्यात उंच खुर्चीत बसले होते, पायाखाली एक लाकडी खोकं. किती वाळले होते! कोरिन त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, तुमची खुर्ची आणलीय. बाबा हिच्यातच बसायचे."

मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि माझ्यात बसेल. मी त्याच्याच मापाची होते. किती वर्षं त्या क्षणाची वाट पाहिली होती.

ते उठले नाहीत. "माझ्या डाव्या बाजूला ठेव," म्हणाले. "हो, तशीच. अगदी लागून."

तेव्हापासून मी इथे आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझं चामडं फुटत चाललंय. माझ्यात कुणी बसत नाही. ते होरेसच्या खुर्चीत, होरेसच्या जागी बसतात, आणि मी रिकामी, त्यांच्या जुन्या जागी. उकडलेल्या शेंगांची वाटी ते माझ्या गादीवर ठेवतात.

तुमच्याकडेही रेघा ओढायची वेळ येईल. ओढा, ओढाव्याच लागतात. फक्त रेघेच्या दोन्ही बाजूंना कोण कुणाच्या शेजारी बसलंय, एवढं आधी डोळे भरून पाहून घ्या.

दुपार कलली की एमेटसाहेब समुद्राकडे बघत मोठ्याने विचारतात, "होरेस, मी ती सही केली ते बरोबर केलं ना रे?"

मग त्यांचा डावा हात हळूहळू सरकत येतो, माझ्या उजव्या हातावरचा खळगा शोधतो, आणि एक बोट तिथे दोनदा आपटतं.