एकेचाळीस मसुदे

‘ही डिस्क पूर्ण पुसली जाईल,’ असं पडद्यावर उमटलं आणि निवृत्त ग्रंथपालांना ताईचं पत्र आठवलं. येऊन अकरा महिने झाले होते, उत्तर गेलं नव्हतं.

‘माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही,’ ताईने लिहिलं होतं. ‘डॉक्टर म्हणतात, वाचण्यापुरतं वर्षभर दिसेल. तुझी बायको गेली तेव्हा मी आले नाही. राग आहे का, एवढं कळव. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाहीये मला.’

राग होता. मग कधीतरी निघून गेला होता. हे कसं लिहायचं, ते ग्रंथपालांना जमेना. कॉम्प्युटरवर ते मसुदे करत राहिले. एकात शब्द जड झाले, दुसऱ्यात उपकार केल्याचा सूर लागला. असे एकेचाळीस झाले. तोवर कॉम्प्युटरच इतका थकला की फाईल उघडेपर्यंत चहा निवून जाई.

खालच्या मजल्यावरच्या लाईनमनना निवृत्तीनंतर हाच नाद होता. जुन्या यंत्रांवर लिनक्स ही हलकी प्रणाली चढवून ते त्यांना चालतं करत. काल ग्रंथपालांच्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी एक पेनड्राइव्ह मागितला. जुनं सगळं जपून ठेवायलाच मागत असतील, असं समजून ग्रंथपालांनी मसुद्यांची नक्कल त्यावर करून तो दिला. आज त्याच पेनड्राइव्हमधून लिनक्स सुरू झालं, तेव्हा मसुद्यांचं काय झालं, हे विचारावंसं त्यांना वाटलं. पण माणूस जाणता. आपण विचारायचं आणि हसं करून घ्यायचं.

“मग, ग्रंथपालसाहेब, पुसू ना?”

“हं.”

“हं म्हणजे काय? लग्नालाही असाच होकार दिला होतात का?”

“नाही, म्हणजे… पुसा.”

“जुनं काढून ठेवलंय ना?”

“ठेवलंय.”

बटण दाबलं गेलं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. ग्रंथपालांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

“त्या पेनड्राइव्हवर आधीचं काही असलं, तर ते राहतं ना?”

लाईनमनचा हात माउसवरच थांबला.

“लिनक्स भरण्याआधी तो कोरा करावा लागतो. का हो?”

ग्रंथपाल पेनड्राइव्हकडे बघत राहिले. लाईनमनना कळायचं ते कळलं.

“अहो, देताना तोंड उघडायचंत. यात माझा जीव आहे, एवढं तरी सांगायचंत.”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“मीही उघडून बघायला हवा होता, चुकलंच.” लाईनमन उठून उभे राहिले. “माझा मेहुणा पुसलेलं परत काढून देतो. महिना लागेल, फार तर दोन. पण मग मशीन आत्ताच बंद करावं लागेल. करू?”

पट्टी निम्म्यावर आली होती. ग्रंथपाल बोटांवर काहीतरी मोजत होते. अकरावर दोन.

“नको,” ते म्हणाले. “होऊ द्या. तुमच्याकडे जाड पेन आहे का?”

लाईनमनच्या खिशात वायरींवर खुणा करायचं काळं पेन होतं. ग्रंथपालांनी कोरा कागद घेतला. ताईला दिसावं म्हणून अक्षर अंगठ्याएवढं काढलं, तर एका ओळीत तीन शब्दही मावेनात. शाई पलीकडे उमटत होती, त्यामुळे पाठची बाजूही गेली. उरलेल्या जागेत त्यांनी लिहिलं:

‘ताई, राग होता. आता नाही. मी रविवारी येतो.’

कागद पाकिटात घालून, पत्ता लिहून ते तसेच चपला घालून निघाले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी थांबले. पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खाली सही करायची राहिली. त्यांनी पेटीच्या तोंडात हात घातला. तो मनगटापर्यंतच गेला.