हरलो म्हणून सांगा

मसाका गावातल्या लाकडाच्या वखारीवर रात्रीचा पहारा करणाऱ्या सेमवांगाला जगात बोलायला माणसं दोनच. एक रेडिओवरचा कातेंदे, जो मध्यरात्रीनंतर लोकांचे फोन घेई. दुसरा दूरच्या मित्याना गावचा शिंपी लुताया, ज्याला त्याने कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. रेडिओवर सेमवांगा आणि लुतायाचं वर्षानुवर्षं एकच भांडण चाले. सेमवांगा म्हणे, प्रवचन गाऊनच सांगावं. सुरात भिजल्याशिवाय देवाचा शब्द आत उतरत नाही. लुताया म्हणे, "पाद्र्याला सांगायला काही नसलं की तो गातो. आणि ऐकणारा झोपतो, आमच्या या पहारेकऱ्यासारखा."

पण पावसाळा सरला तरी लुतायाचा फोन आला नव्हता. बाकीचे फोनवर बोलत, ते सेमवांगाला नुसती बडबड वाटे. रात्र अंगावर यायला लागली. शेवटी त्याने फोन लावला.

"आधी रेडिओ बंद करा, सेबो," कातेंदे म्हणाला. फोन करणाऱ्या प्रत्येकाला तो असं अदबीने 'सेबो' म्हणे.

"लुतायांना मी हरलो म्हणून सांगा. प्रवचन साधं बोलूनच सांगावं. त्यांचंच खरं."

"ताप-बिप आलाय का तुम्हाला?"

ज्या गाण्यांनी सेमवांगाला तरुणपणी देवाच्या दारात आणून बसवलं, त्यांनाच तो नाकारत होता. पण हे ऐकून टोमणा मारायला तरी लुताया येईल, ही एकच आशा होती.

कातेंदेने त्याला फोनवर थांबवून ठेवलं. दोघातिघांनी फोन करून चेष्टा केली. मग एका बाईचा आवाज आला. "मी लुतायांची मुलगी. बाबांना अर्धांगाचा झटका आलाय. बोलता येत नाही, माझं नावसुद्धा घेता येत नाही. पण तुमचं ऐकून धडपडतायत. थांबा, फोन त्यांच्या तोंडाशी धरते."

आधी घरघर आली. मग जुन्या प्रार्थनेची एक ओळ, गाऊन म्हटलेली. आवाज फाटका, पण शब्द सगळे जागच्या जागी.

"बोलणं गेलंय," मुलगी म्हणाली, "गाणं तेवढं राहिलंय."

"जिंकलात की हो, सेमवांगा," कातेंदे हळूच म्हणाला.

सेमवांगाला जिंकायचं नव्हतं. त्याला ते नाकातलं, तिखट बोलणं हवं होतं, आणि ते आता येणार नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"सूर पार हुकलाय तुमचा, शिंपीबुवा," तो म्हणाला, आणि नेहमीसारखा उलट टोल्यासाठी थांबला.

पलीकडे नुसता श्वास. मग तीच ओळ पुन्हा आली, या वेळी चढ्या आवाजात.