तिसरी पकड

मी एक जुना पकडमापक आहे. फिनलंडमधल्या एका लाकूड कापायच्या कारखान्यात, नर्स राइलीच्या टेबलावर मी असतो. माझी मूठ लोखंडी आहे आणि काचेला तडा गेला आहे. हिल्का मेल्याचे कळले त्या सकाळी तिच्या नवऱ्याने, ओर्वोने, मला भिंतीवर आपटले. तडा तेव्हाचा.

मित्रांनो, मला हाताचा जोर मोजायला घडवले. माणूस मोडून पडण्याआधीच त्याचे काम हलके करता यावे, म्हणून दर शुक्रवारी कामगार मला दाबत. माझा आकडा तारेने कॉम्प्युटरात जाई. आकडा घसरला की त्या माणसाला विश्रांती मिळे, नाहीतर बसून करायचे काम. पुष्कळांचे खांदे त्यामुळे वाचले. तेव्हा माझे कौतुक होई.

पण ही माणसे भालाफेकीवर जीव टाकणारी. तीनदा दाबायचे आणि मोठा आकडा तेवढा धरायचा, असे कामगारांनीच सभेत हात वर करून ठरवले. भाल्यातही लांबची फेकच धरतात. जिंकणाऱ्याला वेलचीचा गोड पाव.

तो बहुतेकदा हिल्का न्यायची. "नवऱ्याची मानगूट समजून दाब," असे कुणी म्हटले की ती म्हणे, "त्याला एवढा जोर कशाला लागतोय?" ओर्वोच सगळ्यांत मोठ्याने हसे. पहिल्या दाबाला मी आता तुटतो असे मला वाटे. त्या हिवाळ्यात मात्र दुसऱ्या दाबाला तिची बोटे थरथरत. तिसऱ्याला काटा अर्ध्यावरही जात नसे. पहिला मोठा म्हणून कॉम्प्युटरला फक्त तोच आकडा मिळे. तो म्हणे, बाई धडधाकट आहे.

साखळीवरून करवतीकडे जाणारे ओंडके हुकाने ओढून सरळ करायचे, हे तिचे काम. त्या सकाळी एक ओंडका आडवा झाला. तिने ओढला आणि बोटे सुटली. ओंडका फिरून तिच्या छातीवर आदळला. साखळी थांबेपर्यंत तो तिला कठड्यावर चिरडत राहिला.

ओर्वो राइलीच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या बाह्या रक्ताने भिजल्या होत्या.

"शुक्रवारी तिसऱ्यांदा किती आला होता?"

"तिसरा आपण ठेवत नाही रे, ओर्वो. मोठा तेवढा ठेवतो."

"का? तीन ओंडके आले की संपतात का ते?" तो म्हणाला. "तिचा हात संपत आला होता, आणि आपण तिला पाव देत होतो."

मग त्याने मला फेकले. टेबल उलथवले. खिडकीची काच मुठीने फोडली. त्याला धरायला चार माणसे लागली, त्यातल्या एकाचा दात पडला.

दफन झाल्यावर माझी काच त्यानेच चिकटवली. तिन्ही आकडे कॉम्प्युटरात जावेत, आणि तिसरा घसरला तर माणसाला त्याच दिवशी साखळीवरून हलवावे, असे त्याने सभेत मागितले. सगळ्यांचे हात वर झाले. मग भोंगा झाला आणि सगळे कामाला गेले.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवलेत तर बरेच. पण मी सांगतो ते सगळे ऐका, आवडते तेवढेच नको.

हिल्काच्या जागी आता ओर्वो उभा राहतो. या शुक्रवारी त्याच्याही तिसऱ्या दाबाला काटा अर्ध्यावर थांबला. पण सभेत ठरले ते कुणी केलेच नाही; कॉम्प्युटरात अजून मोठा तेवढा एकच आकडा जातो.