खजिन्याच्या खोलीचं कुलूप

हं, पुढं या, घाबरू नका. बोलतोय तो मीच, राजवाड्यातल्या खजिन्याच्या खोलीचं कुलूप. आकारानं नारळाएवढा, रंगानं काळाकुट्ट आणि स्वभावानं, खरं सांगायचं तर, जरा शिष्ट. शिष्ट होणार नाही तर काय? साखऱ्यापासून नरसीपर्यंतच्या गावांत माझी कीर्ती! "त्या कुलपामागं सोन्याच्या घागरी हाईत, अन् वर नाग बसलाय," असं लोक शपथेवर सांगायचे.

अहो, कुठला नाग नि कुठल्या घागरी! आज सगळं सांगूनच टाकतो.

आमचे राजे सटवाजीराव. राज्य लहान, पण जिभेचे चोचले फार. आंब्याचं लोणचं दिसलं की संपलं! खोकून खोकून बेजार झाले तरी बरणी सुटेना. वैद्यानं हात टेकले. मग राणीसाहेब नर्मदाबाईंनी लोहाराकडून मला घडवून घेतलं, साऱ्या बरण्या या खोलीत कोंडल्या आणि दाराशी दोन भालेकरी उभे केले. चोर दुसरे कुणी नव्हते, खुद्द राजेच होते. गावानं मात्र भाले बघून ठरवलं, आत खजिनाच असणार. राणीसाहेबांच्या कानावर ते गेलं, तशा त्या नुसत्या हसल्या. फुकटचा रुबाब कोण नको म्हणेल?

पुढं राजे गेले, राज्य गेलं, बरण्याही फुटल्या. रुबाब तेवढा उरला. प्रत्येक बाप मुलाच्या हाती चावी देताना एकच सांगायचा, "उघडायचं न्हाई."

आताचे मालक हरीशराव. हळद पिकवणारा साधा माणूस, तरी लोक 'राजेसाहेब' म्हणतात. तरुणपणी त्यांनी मला एकदा गुपचूप उघडलं होतं. रिकामी खोली पाहून मटकन खालीच बसले. मग म्हाताऱ्या आजीनं त्यांना लोणच्याची खरी गोष्ट कानात सांगितली. तेव्हापासून चावी करदोट्याला आणि तोंड बंद. पोटच्या लेकीलाही सांगितलं नाही. मला त्यांची फार दया यायची.

ही लेक राजनंदिनी, वसमतला शाळेत शिकवते. परवा तिला बघायला पाहुणे आले. मुलगा वैजनाथ आणि त्याचे मामा बालाजीराव. पोहे झाले, चहा झाला. पोरगी काय शिकवते, तिला काय आवडतं, एका शब्दानं विचारलं नाही. दोघंही टकामका माझ्याकडंच बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राजेसाहेब," मामा म्हणाले, "पोरगी पसंत हाय बघा. फक्त ती खोली येकदा दाखवा."

हरीशरावांचा चेहरा उतरला. "ती... नागपंचमीबिगर उघडत न्हाई आमी."

"काहून? आता सोयरे होऊन राहिलो आपण. आमच्यापासून काय लपवायचं?"

दार उघडलं तर अब्रू जाणार, नाही उघडलं तर लेकीचं लग्न मोडणार. हरीशरावांना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात राजनंदिनी उठली.

"बाबा, चावी द्या."

"नको गं लेकरा."

"द्या. पाव्हणे कुणासाठी आलेत, मलाबी कळू द्या."

चावी फिरली. मी गंजलेला, हट्टी. अडून बसलो असतो तर कुणाची टाप होती मला उघडायची? पण त्या बापाचा चेहरा बघवेना. सुटलो खटकन.

आत धूळ, आणि फरशीवर बरण्यांच्या बुडांचे गोल डाग. मामांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला, मग बाहेर येऊन टोपी झटकली. "बरं, इचार करून कळवतो."

पोरगी बघायला गेलेल्यांचं 'कळवतो' म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. हरीशरावांनी मान खाली घातली.

राजनंदिनी म्हणाली, "कळवायची तकलीफ घेऊ नका, मामा. आमचंच उत्तर घेऊन जा. न्हाई!"

पाहुणे गेले. वैजनाथनं एकदा मागं वळून पाहिलं आणि मामांमागं चालू लागला.

"माझ्यापायी झालं गं हे," हरीशराव पुटपुटले.

"तुमच्यापायी वाचले मी, बाबा."

मग त्यांनी तिला लोणच्याची सगळी कहाणी सांगितली. बापलेक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हरीशरावांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, मला लई बरं वाटलं.

आता मी कडीला उघडाच लटकतोय. शिष्टपणा गेला, मान मोकळी झाली. तुम्ही कुठं पोरगी बघायला गेलात, तर माझं एवढं ऐका. आधी तिच्याशी चार शब्द बोला. आम्हा कुलपांच्या नादी लागू नका बाबांनो, आम्ही लई खोटारडी असतो.